डोंगर आधी, समुद्र नंतर : मॉरिशसमधला कुटुंबाचा एक दिवस

मॉरिशसला जाणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमात एक दिवस ठरलेला असतो. टूरवाले त्याला ‘साउथ टूर’ म्हणतात. क्युरपिपचं ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव, ब्लॅक रिव्हरची दरी, शामारेलचा धबधबा, सात रंगांची माती आणि या सगळ्यांच्या मध्ये जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना, एखादं दागिन्यांचं दुकान, चहाचा मळा आणि मगरींचं उद्यान. सगळं एका दिवसात. नकाशा पाहिला तर हे सहज जमेल असं वाटतं, कारण बेट आहेच लहान. क्षेत्रफळ सुमारे 1,865 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळपास निम्मं.

पण बरोबर सत्तरीचे आजी-आजोबा असतील, सहा-सात वर्षांचं मूल असेल आणि डोंगरातला वळणावळणांचा रस्ता असेल, तर नऊ ठिकाणांचा हा दिवस कुणालाच सुखाचा जात नाही. माझं सांगणं सोपं आहे. यादी निम्मी करा, उरलेली ठिकाणं उंचीच्या क्रमानं लावा आणि दुपारी तीननंतरचा सगळा वेळ समुद्राला द्या.

उंचीचा क्रम का, ते आधी समजून घ्या. मॉरिशसच्या मधोमध पठार आहे आणि भोवती किनारपट्टी. आग्नेयेकडून येणारे वारे समुद्रावरची वाफ घेऊन या पठाराला धडकतात, म्हणून क्युरपिपच्या बाजूला ढग आणि पाऊस जास्त, तर पश्चिमेचा किनारा त्यामानानं कोरडा. तुम्ही फ्लिक आँ फ्लाकला कडक उन्हात नाश्ता करत असता, त्याच वेळी पाऊण-एक तासावरच्या क्युरपिपला लोक स्वेटर घालून फिरत असतात. पठारावर सकाळी दिसण्याची खात्री जास्त असते, दुपारनंतर ढग उतरले की विवर आणि दरी दोन्ही धुक्यात जातात. पश्चिमेच्या किनाऱ्यावर मात्र दुपार कलल्यावरच पाण्यात उतरावंसं वाटतं. सकाळी वर, दुपारी उतारावर, संध्याकाळी वाळूत. याच्या उलट जाणारा दिवस मी कुणालाही सुचवणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. मुंबई विषुववृत्ताच्या जितकी उत्तरेला, साधारण तितकाच मॉरिशस दक्षिणेला. त्यामुळे ऋतू उलटे. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे हिवाळा लागत असतो, तर नाताळच्या सुट्टीत भर उन्हाळा. जून-जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सातला थोडी मिनिटं असताना. म्हणजे मे-जूनच्या सहलीत समुद्रासाठी तासभर कमी मिळतो आणि सकाळी तेवढं लवकर निघावं लागतं. हे हॉटेलवर पोचल्यावर कळण्यापेक्षा घरी ठरवताना माहीत असलेलं बरं.

गाडी, चालक आणि आदल्या रात्रीचं बोलणं

या दिवसासाठी दिवसभराची टॅक्सी करा. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे स्वतः गाडी चालवायचा मोह होतो. पण शामारेलचा घाट अरुंद आहे, आणि जो चालवतो त्याला त्या दिवशी रस्त्याशिवाय काहीच दिसत नाही. चार-पाच माणसांच्या कुटुंबाला टॅक्सीचा खर्च बसच्या सहलीच्या तिकिटांहून फारसा वेगळा पडत नाही, आणि कुठे किती थांबायचं हे आपल्या हातात राहतं.

चालकाशी आदल्या दिवशीच बोला. एकूण भाडं किती, किती तासांचं, परत हॉटेलवर सोडण्यासह की त्याशिवाय, आणि हे मॉरिशसच्या रुपयांत की युरोत, हे चार प्रश्न आधीच विचारून टाका. मॉरिशसचं चलनही रुपयाच आहे, पण भारतीय रुपया वेगळा आणि त्यांचा वेगळा. बोलताना दोन्ही बाजूंची गल्लत होते, म्हणून आकडा कागदावर लिहून घ्या. मग आपली ठिकाणं सांगा आणि नम्रपणे पण नक्की सांगा की दुकानात थांबायचं नाही. अनेक चालकांना दुकानांकडून काही टक्के मिळतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ती तुमची सकाळ असते आणि सकाळच्या एका तासाची किंमत या दिवसात सगळ्यात जास्त आहे. लहान मुलासाठी वेगळी सीट हवी असेल तर तीही आदल्या रात्रीच मागा. सकाळी मागितली तर मिळत नाही.

मॉरिशसचे लोक आपसात क्रिओल बोलतात, फ्रेंच सर्रास चालते, इंग्रजी बहुतेकांना समजते. अनेक चालकांना हिंदीही येते. आजोबांना पुढच्या सीटवर बसवा. घाटात पोटात ढवळत नाही आणि चालकाशी त्यांच्या गप्पा रंगतात. उलटीची गोळी ज्याला लागते त्यानं ती निघण्यापूर्वी घ्यावी, शामारेलच्या वळणावर घेऊन उपयोग नाही.

सामानाचं थोडक्यात सांगते. प्रत्येकाला एक हलका स्वेटर किंवा पातळ जाकीट, छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट (पठारावरचा वारा छत्री उलटी करतो), डासांचं मलम, पाण्याच्या बाटल्या, पोहण्याचे कपडे आणि टॉवेल एका वेगळ्या पिशवीत, आणि पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट. बुटांबद्दल पुढे लिहिलं आहे, ते मात्र खरंच विसरू नका. थोडी सुटी नाणी आणि लहान नोटा हाताशी ठेवा. रस्त्याकडेच्या खाण्याच्या गाड्यांवर कार्ड चालेलच असं नाही.

विवर : वीस मिनिटांत दाखवायची साडेसहा कोटी वर्षं

सकाळी आठला हॉटेल सोडलं तर नऊच्या सुमारास क्युरपिपला पोचता. उत्तरेकडे, ग्राँ बेच्या बाजूला उतरला असाल तर सातलाच निघा. पोर्ट लुईच्या भोवती कार्यालयीन वेळेत गाड्यांची मोठी रांग लागते.

त्रू ओ सेर्फ हे विवर क्युरपिप गावातच, एका टेकडीच्या माथ्यावर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंची, विवराचा व्यास साधारण 300 मीटरच्या पुढे, आणि खोल बशीत गच्च झाडी. कडेनं गोल रस्ता आहे, त्यामुळे ज्यांना चालवत नाही त्यांना गाडीतूनही दिसतं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दुसऱ्या बाजूला क्युरपिपची घरं आणि पलीकडे टोकदार डोंगरांची रांग दिसते. पाऊस पडून गेला असेल तर विवरात उतरायच्या पायवाटेचं नाव काढू नका.

मुलं इथे पाच मिनिटांत ‘आता काय?’ विचारतात, कारण त्यांना लाव्हा दिसेल असं वाटलेलं असतं. त्यांना सांगण्यासारखी गोष्ट मात्र फार मोठी आहे आणि ती थेट आपल्या घराशी पोचते. पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा आहे, भूगर्भशास्त्रज्ञ तिला रियुनियनचा ‘हॉटस्पॉट’ म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना या जागेवरून गेला, तेव्हा जमिनीला भेगा पडून लाव्ह्याचे थरांवर थर साचले. आपला दख्खनचा काळा पाषाण, सह्याद्रीचे कडे, अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली तो दगड, हे सगळं त्यातलं. भारत पुढे निघून गेला, तप्त जागा मागे राहिली, आणि खूप नंतर, सुमारे 80 लाख वर्षांपूर्वीपासून, तिनंच समुद्रातून मॉरिशस वर काढलं. आता ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही जागा आहे. पुण्याच्या किंवा नाशिकच्या मुलाला हे सांगा, की ज्या दगडाच्या डोंगरावर तू गड चढतोस, त्याचाच हा धाकटा भाऊ आहे. दिवसभर तो तुम्हाला भेटत राहील, धबधब्याच्या कड्यात, उसाच्या शेतात, रंगीत मातीत. मुलांना तो ओळखायचा खेळ द्या. घाटातल्या प्रवासात मोबाइल हातात देण्यापेक्षा हा खेळ जास्त वेळ टिकतो.

क्युरपिपहून गंगा तलावाकडे जाताना चहाचे मळे लागतात. बुआ शेरीचा चहा 1892 पासूनचा आणि तिथला कारखाना पाहण्याजोगा आहे, व्हॅनिलाचा चहाही चांगला. पण त्याला दीड तास तरी लागतो. घरात कुणाला चहाच्या प्रक्रियेत खरा रस असेल तर त्यासाठी वेगळी सकाळ काढा, आज नको. चहाच्या पुड्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात.

गंगा तलाव

आजी-आजोबांसाठी या दिवसाचा गाभा इथे आहे, त्यामुळे इथे घड्याळ पाहू नका. पाऊण तास धरा आणि तास झाला तरी होऊ द्या.

हेही मुळात एक ज्वालामुखीचं विवरच, पाण्यानं भरलेलं. जुनं नाव ग्राँ बासाँ. 1898 मध्ये उत्तरेकडच्या त्रिओले गावातून काही भाविक झुम्मन गिरी गोसाईंच्या मागोमाग जंगलातून वाट काढत इथवर चालत आले आणि महाशिवरात्रीला हे पाणी घेऊन परतले. तिथून पदयात्रेची प्रथा पडली. 1972 मध्ये भारतातून आणलेलं गंगेचं पाणी या तलावात मिसळलं आणि गंगा तलाव हे नाव रूढ झालं. रस्त्याकडेला उभी असलेली मंगल महादेवाची मूर्ती 108 फूट म्हणजे 33 मीटर उंच आहे, ती 2007 मधली. बडोद्याच्या सूरसागर तलावातल्या शिवमूर्तीवरून ती घडवली आहे. तेवढ्याच उंचीची दुर्गेची मूर्ती नंतर समोर उभी राहिली.

बहुतेक सहली या मूर्तींपाशी गाडी थांबवून, फोटो काढून, तलावाला एक धावती फेरी मारून निघतात. मी म्हणेन उलट करा. मूर्ती दुरूनही दिसतात, तिथे दहा मिनिटं पुरे. तलावाच्या काठावर मात्र बसा. काठ फरसबंद आणि बराचसा सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही चालता येतो. पाण्याच्या कडेला छोटी छोटी देवळं आहेत, मागे सगळं जंगल. टेकडीवरच्या मारुतीच्या देवळाला पायऱ्या आहेत. ज्यांना चढवतं त्यांनी जावं, बाकीच्यांनी खाली बसावं, त्यात कुणाचं काही चुकत नाही.

माकडं खूप आहेत आणि धीट आहेत. प्रसादाचं केळं हातात उघडं ठेवू नका, लहान मुलाच्या हातात तर नकोच. त्यांना खायलाही घालू नका. ही माकडं मुळात इथली नाहीत, शेकडो वर्षांपूर्वी जहाजांतून आलेली आहेत आणि इथल्या पक्ष्यांची अंडी खातात. त्याचा परिणाम पुढच्या थांब्यावर मुलांना सांगता येईल.

महाशिवरात्रीच्या दिवसांत मॉरिशसला असाल तर हा सगळा बेत बदला. त्या आठवड्यात बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो लोक कावडी घेऊन चालत येतात आणि रस्त्यांवर गाड्यांसाठी निर्बंध असतात. पर्यटक म्हणून वेळ मोजत जाण्याचे ते दिवस नव्हेत. जायचंच असेल तर यात्रेकरू म्हणून जा, पहाटे निघा, बरंच चालायची तयारी ठेवा आणि त्या दिवसात दुसरं काहीही घालू नका. वाटेवर ठिकठिकाणी लोक यात्रेकरूंना पाणी, सरबत, खाणं देत असतात. ते नाकारू नये.

ऊस, कोकण आणि मराठी माणसं

या रस्त्यांवरून जाताना उसाच्या शेतांत मधेच काळ्या दगडांचे मोठे ढिगारे दिसतील, काही तर पिरॅमिडसारखे रचलेले. तो तोच पाषाण. शेतं मोकळी करण्यासाठी ते दगड माणसांनी हातांनी उचलून रचले. 1834 पासून पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय कंत्राटी मजूर म्हणून या बेटावर उतरले. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट ही त्यांची उतरायची जागा 2006 पासून जागतिक वारसा आहे. तिथे दुसऱ्या एखाद्या दिवशी मुलांना अवश्य न्या. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजं सुटत होती, आणि त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसं होती. आजच्या मॉरिशसमधल्या मराठी लोकांचे पूर्वज ते.

फ्लिक आँ फ्लाकजवळच्या कास्काव्हेलच्या बाजूला त्यांची जुनी वस्ती आहे. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, कोकणातली जाखडी तिथे अजून नाचली जाते, आणि मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. तुमचा चालक किंवा हॉटेलातली बाई मराठी घरातली निघाली तर आनंद होणारच. फक्त एक विनंती आहे. ‘मराठी येतं का?’ विचारून त्यांची परीक्षा घेऊ नका. चार-पाच पिढ्यांत घरातली भाषा क्रिओल झाली, तरी आरती आणि गणपती त्यांनी टिकवले, तेही कुणी मदतीला नसताना. त्यांना गावाचं नाव विचारा, घरी गणपती किती दिवसांचा ते विचारा. बोलणं तिथून आपोआप पुढे जातं.

दरी, आणि चार पक्षी उरले होते त्याची गोष्ट

गंगा तलावापासून पुढे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान लागतं. 1994 मध्ये ते घोषित झालं. रस्त्यालगतच्या निरीक्षणस्थळापर्यंत दोन-चार मिनिटांची सपाट वाट आहे, आणि समोर एकदम दरी उघडते, तळाशी समुद्राची कड. आदल्या वळणावरचा अलेक्झांड्रा धबधबा छान आहे, पण पुढे शामारेलचा याहून मोठा येणार आहे. वेळ कमी असेल तर तो सोडा, दरी सोडू नका.

डोडो इथला, हे मुलांना माहीत असतं. डच 1598 मध्ये या बेटावर आले आणि पुढच्या शतकाच्या अखेरीपर्यंत डोडो संपला. पण नुसतं ते सांगितलं तर गोष्ट दुःखातच संपते. 1974 मध्ये मॉरिशसच्या ससाण्याचे जंगलात फक्त चार पक्षी उरल्याची नोंद होती. जगातला सगळ्यात दुर्मीळ पक्षी म्हणून त्याचं नाव होतं. काही माणसांनी वर्षानुवर्षं अंडी उबवून, पिल्लं वाढवून, घरट्यांच्या पेट्या लावून तो पुन्हा शेकड्यांत आणला. गुलाबी कबुतर आणि इथला हिरवा पोपट यांचीही अशीच कहाणी. या दरीवर उभं राहून ती सांगा. एखादं पाखरू दिसेलच याची खात्री नाही, पण मूळ जंगल बेटावर दोन टक्केही उरलेलं नाही आणि त्यातलं बरंचसं हेच, इतकं कळलं तरी मुलं वेगळ्या नजरेनं बघतात.

मार्च ते जूनच्या सुमारास इथे लाल, बोराएवढे पेरू पिकतात. स्थानिक माणसं पिशव्या भरून तोडतात, रस्त्यावर विकायलाही असतात. मीठ-तिखट लावून खायचे. तेही बाहेरूनच आलेलं झाड, आणि जंगलाला त्रास देणारं, त्यामुळे मनसोक्त खा.

जेवण

साडेबाराच्या सुमारास शामारेल गावात पोचा आणि तिकिटाच्या खिडकीकडे जाण्यापूर्वी जेवा. भुकेली मुलं आणि रंगीत माती हे जमत नाही. गावात घरगुती जेवण देणारी ठिकाणं आहेत. मासे, कोंबडी, ऑक्टोपसची आमटी खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी चालकाकडून फोन करवून सांगून ठेवा, भात, डाळ, पालेभाजी, फरसबीची भाजी आनंदानं करून देतात. आयत्या वेळी गेलात तर परतलेले नूडल्स पुढे येतात आणि त्यात अंडं किंवा माशाचं सॉस असू शकतं, तेव्हा स्पष्ट विचारा.

याहून सोपा मार्ग म्हणजे सकाळी क्युरपिपहूनच डाल पुरी बांधून घेणं. हरभऱ्याच्या डाळीचं पुरण भरलेली, पण गोड नसलेली, मऊसूत पोळी, तिच्यात वालासारख्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचं रुगाय आणि मिरचीची चटणी. जोडी-जोडीनं विकतात. आजीला घरचं वाटतं आणि मुलं रोल म्हणून खातात. तिखट नको असेल तर ‘पा मेत पिमाँ’ म्हणा, ते क्रिओल आहे आणि लगेच समजतं. त्या चटणीला कमी लेखू नका, आपल्या लवंगी मिरचीच्या तोडीची असते. बरोबर गातो पिमाँ घ्या, म्हणजे डाळवडेच.

शामारेल

धबधबा आणि रंगीत माती एकाच आवारात, एकाच तिकिटावर आहेत. आधी धबधबा लागतो. कडा 80 मीटरहून उंच, दोन्ही बाजूंना तोच काळा पाषाण, आणि पाणी सरळ खाली. पहिला सज्जा गाडीतळाजवळच आहे, आजी-आजोबांनी तिथूनच पाहावं. वरच्या सज्जाला पायऱ्या आहेत आणि तिथून दिसणाऱ्यात फार फरक नाही.

सात रंगांच्या मातीबद्दल लोकांची निराशा होते ती जाहिरातींतल्या फोटोंमुळे. ती जागा लहान आहे. लाकडी कठडा, त्याच्या आत मातीच्या लाटा, तांबड्या, विटकरी, जांभळट, पिवळसर. कुणी एक चक्कर मारून ‘एवढंच?’ म्हणतं. म्हणून आधी घरच्यांना सांगा की ही माती म्हणजे सकाळी पाहिलेल्या दगडाचं शेवटचं रूप आहे. उष्ण, दमट हवेत बेसॉल्ट हजारो वर्षं कुजत गेला, त्यातले विरघळणारे घटक पावसानं वाहून नेले आणि मागे राहिली लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लोखंडानं लाल-तपकिरी छटा दिल्या, ॲल्युमिनियमनं निळसर-जांभळट. आपल्या कोकणातला जांभा दगडही याच प्रकारच्या प्रक्रियेतून बनलेला आहे. रत्नागिरीच्या माणसाला हे सांगा आणि बघा तो किती वेळ कठड्याशी उभा राहतो ते.

ऊन वर असताना रंग उठून दिसतात आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर जास्त गडद. म्हणून दुपारी दीड ते अडीच ही वेळ इथे योग्य आहे, टोप्या घालून. जवळच महाकाय कासवांचं कुंपण आहे. लहान मुलांचा खरा आनंद तिथे असतो. त्यांना घाई करू नका. इथली मूळ कासवं डोडोसारखीच नाहीशी झाली, ही कासवं सेशेल्समधल्या आल्दाब्राच्या जातीची. वय सत्तर, ऐंशी, कधी शंभरही. आजोबा आणि कासव यांच्या वयाची बरोबरी करण्यात अर्धा तास जातो आणि तो जाऊ द्यावा.

ल मॉर्न आणि समुद्र

शामारेलहून पश्चिमेला उतरणारा घाट हा दिवसातला सगळ्यात देखणा रस्ता. खाली लगून, त्यापलीकडे प्रवाळाच्या भिंतीवर फुटणारी पांढरी रेघ, आणि डावीकडे ल मॉर्नचा 556 मीटरचा एकटा डोंगर. चालकाला वळणावरच्या जागेत थांबायला सांगा.

या डोंगराची गोष्ट मोठ्या मुलांना जरूर सांगा. मळ्यांमधून पळालेले गुलाम इथल्या कड्यांत आणि गुहांत लपून राहायचे. 1 फेब्रुवारी 1835 ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. मुक्तीची बातमी द्यायला शिपाई वर आले तेव्हा ते पकडायला आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असं इथली लोकस्मृती सांगते. 2008 पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे. भारतातून मजूर आणायला सुरुवात झाली तीही गुलामगिरी संपली त्याच सुमारास, कारण मळ्यांना हात हवे होते. सकाळची उसाची शेतं आणि हा डोंगर एकाच इतिहासाचे दोन तुकडे आहेत.

‘समुद्राखालचा धबधबा’ पाहायला म्हणून बरेच लोक इथे येतात. तो वाळू आणि गाळाच्या उतारानं तयार झालेला भास आहे आणि फक्त हवेतून दिसतो. किनाऱ्यावरून शोधत बसू नका.

तीन-सव्वातीनला ल मॉर्नच्या सार्वजनिक किनाऱ्यावर पोचलात तर दोन-अडीच तास हातात आहेत. सुरूच्या झाडांची सावली आहे, तिथे चटई टाका. रविवार असेल तर आजूबाजूला मॉरिशसची कुटुंबं मोठाली पातेली, गाणी, तंबू घेऊन आलेली असतात. गर्दी होते, पण मला तो दिवस जास्त आवडतो, कारण बेटावरचे लोक आपली सुट्टी कशी घालवतात ते दिसतं.

पाण्याचे नियम मात्र कडक ठेवा. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आतलं पाणी उथळ आणि शांत असतं. भिंतीला जिथे खिंड असते तिथून पाणी बाहेर ओढलं जातं, तिकडे पोहू नये. पोहण्यासाठी बोयांनी आखलेल्या जागेतच राहा. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्रीला ही भिंत तुटलेली आहे आणि लाटा थेट कड्यावर आदळतात, तिथे पाण्यात पायही घालू नका. ल मॉर्नच्या ज्या बाजूला पतंगांवर स्वार होणारे खेळाडू दिसतील तिथे वारा जोरात असतो, लहान मुलांना पलीकडच्या बाजूला न्या. आता बुटांबद्दल : तळाशी समुद्री साळिंदरं आणि क्वचित दगडमासा असतो, जो खरोखर दगडासारखाच दिसतो आणि ज्याच्या काट्यात विष असतं. गुडघाभर पाण्यातही बूट काढू नका. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून सरळ दवाखाना गाठा. शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका, मुलांना हे आधीच सांगितलेलं बरं.

डॉल्फिन पाहायची तामारँची बोट याच दिवशी पहाटे जोडून देतो असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. पहाटे पाचला उठलेलं मूल शामारेलपर्यंत टिकत नाही. शिवाय डझनभर बोटी एका कळपामागे धावतात ते पाहणं मला पटत नाही.

हवा बिघडली तर

क्युरपिपला पोचून धुकंच असेल तर वाट पाहत बसू नका. विवर सोडा, गंगा तलावाला जा. धुक्यातही तो सुंदर असतो. दरीही बंद असेल तर सरळ शामारेलला उतरा, तिथे बहुतेकदा ऊन असतं. हॉटेलच्या खिडकीतून आकाश निळं दिसतंय म्हणून स्वेटर गाडीत ठेवायचं टाळू नका.

डिसेंबर ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने. मॉरिशसमध्ये इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. पहिला लागला की बातम्यांवर लक्ष ठेवा आणि हॉटेलच्या स्वागतकक्षाला विचारूनच बाहेर पडा. दुसऱ्या वर्गात लांबची सहल रद्द करा, चालक तयार असला तरी. तिसरा लागला की बस, दुकानं सगळं बंद होतं आणि घराबाहेर पडायचं नसतं. अशा वेळी टॅक्सीचं आगाऊ दिलेलं भाडं परत मिळेल की दुसऱ्या दिवसासाठी वळवता येईल, हा पाचवा प्रश्नही त्या आदल्या रात्रीच्या बोलण्यात घालून टाका.